तिसऱ्या वळणाआधी

शिरीष गजभियेच्या घरी साखरेच्या डब्याच्या झाकणावर पिवळा ठिपका आहे. गॅसच्या चारही बटणांवर आहे. कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवर आहे, अंगणातल्या नळावर आहे, हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर ज्या खिळ्याला टांगलीय त्या खिळ्यावरही आहे. रेखा, त्याची बायको, ऑस्ट्रेलियातल्या या कालगुर्ली गावात एका वृद्धाश्रमात शिफ्टला जाते. एकदा घरी येऊन तिने चष्मा पुसायला काढला, तर चष्म्याच्या काडीच्या बारक्या स्क्रूवर ठिपका.

"काय करून राहिले तुम्ही हे? उद्या मले कपाळावर लावान अन् म्हणान, चेक केली!"

"सैल होता तो."

"सैल तुमचं डोकं झालं. तीन वर्षं झाली, बाप्पा. आधी नव्हते असे."

शिरीषने जाड टोकाचं पिवळ्या रंगाचं पेन शर्टाच्या खिशात परत खोचलं आणि मागच्या दारात जाऊन उभा राहिला. खाणीतला रोजचा दुपारचा स्फोट नुकताच झाला होता. घराच्या काचा थरथरून गप्प झाल्या होत्या, शेजारचा कुत्रा भुंकून दमला होता. आणि त्या शांततेत, गावाबाहेरच्या लाल मातीकडून, आवाज आला.

नीईईईं... न्योंव...

एवढाच. दीडशे सीसीची चिमुकली गाडी वळणाआधी गॅस सोडते तो 'न्योंव'. त्यानंतर ती वळण घेते, गॅस उघडते आणि परत 'नीईईईं' होतं. व्हायला हवं. शिरीष दारात उभा राहून त्या दुसऱ्या 'नीईईईं'ची वाट बघत राहिला. तो आला नाही. दिवस बुधवार होता. ट्रॅकला कुलूप होतं.

शिरीष मूळचा चंद्रपूरचा. तिथल्या कोळशाच्या खाणीत फिटर, मग अठरा वर्षांपूर्वी इथल्या सोन्याच्या खाणीत. आठवडाभर तो घरापेक्षा उंच डंपरच्या खाली झोपून नट आवळतो. आणि महिन्यातल्या एका रविवारी गावाबाहेरच्या छोट्या ट्रॅकवर, कमरेपर्यंत येणाऱ्या मोटारसायकलींसमोर गुडघे टेकतो. बारा ते पंधरा वर्षांची पोरं तिथे रेस शिकतात. सगळ्यांना एकाच जातीची दीडशेची गाडी, म्हणजे कुणाची गाडी भारी हा वाद नाही, कोण चालवतं एवढंच बघायचं. पोरं एकमेकांशी बोलतात तेव्हा वाक्य कुणाचंच पूर्ण होत नाही: "मेट, आय वॉज लाइक, फ्लॅट आउट, अँड ही वॉज लाइक, नोऽऽ..." बाप लोक कुंपणाला लटकून जे ओरडतात ते हेल्मेटमधल्या एकालाही ऐकू जात नाही.

हा सगळा कारभार ग्लेनिस चालवते. वय एकाहत्तर, एक गुडघा बरा, एक बिघडलेला, आणि लाउडस्पीकर हातात असला-नसला तरी फरक पडू नये असा आवाज. "राइडर्स! हेल्मेट्स ऑन, माउथ्स शट!" शिरीषला ती शेरी म्हणते. गाड्या तपासायचं काम त्याच्याकडे तिनेच दिलं, आणि देताना एकच नियम सांगितला. ज्या गाडीला तू पाना लावलास तिला तू पास करायचं नाहीस. दुसऱ्याला बोलवायचं. आपल्याच कामातली चूक आपल्याला दिसत नाही, शेरी डार्ल, माझ्या दोन्ही नवऱ्यांवरून सांगते.

तपासणीत शेवटी यायचा तो इंजिनच्या पोटाखालचा बोल्ट, तेल सोडायचा. रेसच्या गाडीत या बोल्टच्या डोक्यात आरपार भोक असतं. त्यातून पोलादी तार ओवून, पीळ देऊन शेजारी बांधतात, म्हणजे गाडी कितीही थरथरली तरी बोल्ट फिरत नाही. तारेला बोट लावायचं, ओढून बघायचं, आणि मग बोल्टवर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे तपासून झालं.

तीन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी संध्याकाळी डॉक्टर विवेक खांबेटे आपल्या मुलाची गाडी घेऊन शिरीषच्या गॅरेजमध्ये आला. विवेक इथल्या हॉस्पिटलात, मूळ पुण्याचा. गावात मराठी घरं बारा, त्यामुळे गणपती खांबेट्यांकडे आणि चौदा एप्रिलचं जेवण गजभियेंकडे, दोन्हीकडे तेच बारा चेहरे.

"शिरीषराव, तेवढं तेल बदलून द्याल का? मला माणसाच्या पोटातलं कळतं हो, गाडीच्या पोटातलं नाही."

मुलगा नील तेव्हा तेरा वर्षांचा. तोंड एक क्षण बंद नाही. ग्लेनिसचा आवाज काढायचा, बापाचा काढायचा, आणि शिरीष गाडीखाली वाकला की मागून शिरीषचाच: "तार बघून राहिलो, बेटा, तार बघून राहिलो!" इतका हुबेहूब की रेखा स्वयंपाकघरातून "ओ" द्यायची.

त्या संध्याकाळी शिरीषने जुनं तेल काढलं, नवं भरलं, बोल्ट आवळला. तार कापून हातात घेतली, आणि आतून हाक आली.

"अहो! पातोडी रस्सा गार होऊन राहिला! डॉक्टरले घेऊन या!"

तार त्याने बाकावर ठेवली. जेवून झाल्यावर करू. पाहुणा दारात उभा, घरातली बाई दोनदा हाक मारते, आणि आपण तारेला पीळ देत बसायचं, हे चंद्रपूरच्या माणसाला जमणारं नव्हतं. विवेकने पहिला घास घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, "वहिनी, हा रस्सा नाही, हे भूल न देता केलेलं ऑपरेशन आहे." सगळे हसले. नीलने बापाच्या आवाजात तेच वाक्य परत म्हटलं, परत हसले. मग आइस्क्रीम निघालं. मग गाडी ट्रेलरवर चढली. तार बाकावरच राहिली.

सकाळी रांगेत नऊ गाड्या होत्या. सत्तावीस नंबर समोर आला तेव्हा शिरीष खाली वाकला, बोल्ट दिसला, आणि मनात आलं, ही तर मीच केली. नियमाप्रमाणे त्याने ग्लेनिसला हाक मारायला हवी होती. ती लांब, लाउडस्पीकरजवळ, एका बापाशी भांडत होती. शिरीषने ठिपका दिला. बोटसुद्धा लावलं नाही.

चौथ्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, नीईईईं, न्योंव, आणि पुढे काही नाही.

विवेक धावला. मुलाजवळ गुडघ्यावर बसला, आणि नाडी कुठे बघायची ते त्याला दोन क्षण आठवेना. नीलचं मांडीचं हाड मोडलं होतं. गाडी कडेच्या दगडावर आपटून इंजिनचं पोट फुटलं होतं, तेल सगळीकडे, त्यामुळे ते आधी सांडलं की नंतर हे विचारण्यासारखं कुणाला वाटलंच नाही. ॲम्ब्युलन्स गेल्यावर शिरीष सिमेंटची भुकटी तेलावर पसरत मागे मागे सरकत गेला. वळणाच्या चाळीस पावलं आधी, सरळ रस्त्यावर, त्याच्या बुटाखाली काहीतरी आलं. बोल्ट. आटे शाबूत, डोक्यावर पिवळा ठिपका, आणि तारेचं भोक रिकामं. गाडी पडण्याआधीच तो गळून पडला होता. मागच्या चाकावर तेल उडालं होतं आणि पोराने त्याच चाकावर वळण घेतलं होतं.

"फाइंड एनिथिंग, शेरी?" ग्लेनिस लांबून ओरडली.

बोल्ट खिशात गेला होता. हात कधी गेला ते त्यालाही कळलं नाही.

"नथिंग," तो म्हणाला.

मग जे झालं ते असं. कुणीच नीलला बोल लावला नाही, सगळ्यांनी समजूत घातली. "काय आहे," विवेक गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन सांगायचा, "पोरगं हुशार, पण घाई. वळणात लवकर शिरला. मी म्हटलं, बाळा, चूक कबूल करायची आणि पुढे जायचं." आणि शेजारी उभा असलेला नील मान हलवायचा. "येस. टर्न्ड इन अर्ली. माय बॅड." तेच वाक्य चौदा एप्रिलला. तेच पुढच्या गणपतीत. शिरीष तेव्हा हातातल्या मोदकाकडे बघत उभा असायचा.

नीलने नकला करणं सोडलं. डावा पाय जरा बाहेर फेकत चालू लागला. गाडीवर परत बसला नाही. रेसच्या रविवारी बापाबरोबर ट्रॅकवर यायचा, खोक्यावर बसून राहायचा.

विहारात वाढलेला माणूस, शिरीष भूतबित मानत नाही. पण मेलेल्याचं भूत असतं तर निदान म्हणता आलं असतं की असं काही नसतं. नील जिवंत होता. दरवर्षी वाढत होता, सुपरमार्केटमध्ये भेटला की "हाय काका" म्हणत होता. आणि तरी ट्रॅकवर नऊ गाड्या सुटल्या की शिरीषच्या कानाला दहा मोजल्या जायच्या. दहावी सगळ्यांच्या मागे, एकटी, तिसऱ्या वळणापर्यंत येणारी. गाडीखाली वाकला की पाठीमागे कुणीतरी तोंड उघडतंय असं वाटायचं. तेरा वर्षांचं कुणीतरी. तो वळून बघायचा, तर मागे नुसतं ऊन. मग तो परत वाकायचा, प्रत्येक तार तीनतीनदा ओढायचा, आणि घरी येऊन साखरेच्या डब्याला ठिपका द्यायचा.

बोल्ट रेसच्या प्रत्येक रविवारी त्याच्या पँटच्या खिशात असायचा. सोमवारी धुण्याआधी रेखा तो काढून फळीवर ठेवायची. कशाचा आहे ते तिने कधी विचारलं नाही.

या ऑगस्टमध्ये विवेकचा फोन आला. "शिरीषराव! आमच्या धाकट्या सावनीबाईसुद्धा मैदानात उतरतायत. बारा पूर्ण झाली ना! गाडी तीच, नीलचीच. सत्तावीस नंबर, पोट बदलून घेतलं. शनिवारी आणतो. तेल तुमच्याच हातचं."

"डॉक्टर, या वेळी दुसऱ्या कुणाकडून..."

"अहो, आपलं माणूस असताना दुसरं कशाला?"

शनिवारी सकाळी अकरा वाजता गाडी आली. शिरीषने गॅरेजचं दार आतून लावून घेतलं. तेल बदललं, बोल्ट आवळला, तार ओवली, पीळ दिला, ओढून बघितली. चौदा वेळा. विवेक बाहेर फोनवर बोलत होता, त्याला गाडी देऊन वाटेला लावलं.

"डॉक्टरले चहा न देता पाठवलं?" रेखा दारात आली. "काहून?"

"घाई होती त्याले."

"त्याले नव्हती." ती आत गेली, फळीवरचा बोल्ट घेऊन आली आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. "मले नका सांगू. ज्याचा आहे त्याले देऊन टाका."

रविवारी रांगेत सावनी पाचवी होती. हेल्मेटमधून फक्त डोळे आणि बडबड.

"काका, हरी अप ना. आय नीड टू पी."

"ग्लेनिस!" शिरीषने हाक मारली. "ही मी पास करणार नाही. तू बघ. तेल मी बदललंय."

ग्लेनिस आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शेरी, माझ्याकडे एकच चांगला गुडघा आहे, आणि खाली बसायला दोन लागतात. तू वायर केलीस ना? यू आर द फसिएस्ट बगर इन वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, तुझ्याएवढा काटेकोर मेला दुसरा नाही. दे डॉट आणि सोड बिचारीला, तिला टॉयलेटला जायचंय."

शिरीषच्या हातात पेन होतं. टोपण काढलेलं.

"आणि काका, डोन्ट वरी," सावनी म्हणाली. तिला वाटलं तो तिच्या काळजीने थांबलाय. "टर्न थ्री मला पाठ आहे. दादाने लिहून दिलंय." तिने सूटच्या आतून एक वही काढली, घामाने वाकडी झालेली. प्रत्येक वळणाचं एक पान. पहिलं वळण, दुसरं वळण, स्वच्छ शिसपेन्सिलीच्या रेघा. तिसऱ्याचं पान खोडून खोडून विरळ झालं होतं. तेच वळण बारा-पंधरा वेळा काढलेलं, प्रत्येक रेघ जरा वेगळ्या जागी वळणारी, प्रत्येक रेघेवर काट. खाली इंग्रजीत एकच ओळ शिल्लक होती. मी इथे काय केलं ते अजून सापडलेलं नाही, तू फक्त सावकाश जा.

"ही इज स्टिल वर्किंग इट आउट," सावनी म्हणाली. "रोज काढतो."

शिरीषने पेनाचं टोपण लावलं.

नील गाड्यांच्या रांगेमागे खोक्यावर बसला होता. शिरीष त्याच्यासमोर उकिडवा बसला, खिशातून बोल्ट काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"तुझ्या गाडीचा. त्या दिवशीचा. वळणाच्या आधी पडला होता, चाळीस पावलं. सरळ रस्त्यावर."

नीलने बोल्ट फिरवला. आट्यांवरून अंगठा फिरवला. भोकातून आकाश बघितलं. पोरगं याच गाड्यांत वाढलं होतं, त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"वायर कुठेय?"

"बांधली नव्हती. मी. जेवायला बोलावलं अन् मी विसरलो. अन् सकाळी न बघता ठिपका दिला."

"बिफोर द टर्न."

"आधी."

"सो इट वॉजन्ट मी."

"नाही."

"से इट अगेन."

"तू नाही चुकला, बेटा. तुझं वळण बरोबर होतं. मी चुकलो."

नील उठला. कुंपणाच्या फटीतून ट्रॅकवर गेला. सराव सुरू व्हायला अजून दहा मिनिटं होती, ट्रॅक रिकामा होता. तिसऱ्या वळणापासून तो उलट दिशेने चालत गेला, डावा पाय बाहेर फेकत, पावलं मोजत. चाळिसाव्या पावलावर थांबला, वाकला, डांबरावर तळवा टेकवला. तसाच राहिला. ग्लेनिस लाउडस्पीकर उचलून ओरडणार होती, "ऑफ द ट्रॅक, सनशाइन!" पण शिरीषने तिच्या दंडाला धरलं.

"ग्लेनिस, त्या दिवशी तू विचारलं होतंस, काही सापडलं का."

"हूं?"

"सापडलं होतं."

सगळं ऐकून झाल्यावर ग्लेनिसने लाउडस्पीकर खाली ठेवला. मग हात पुढे केला. शिरीषने पिवळं पेन तिच्या हातात दिलं.

नील परत आला. डोळे लाल होते, आवाज कोरडा. "थ्री यिअर्स, काका. रोज पडतो मी तिथे. तुम्ही मोदक खात होता."

"हो."

"डोन्ट जस्ट से हो!"

नील सत्तावीस नंबरजवळ गेला आणि खाली बसला. मोडलेल्या पायाला ते जड गेलं, पण बसला. "दाखवा. सगळं परत. माझ्यासमोर."

शिरीष शेजारी लाल मातीत आडवा झाला. बोल्टला बोट लावलं. तारेला बोट लावलं. ओढली. तार हलत नव्हती. आणि त्याच्या कानाशी, तीन वर्षांनी, कुणीतरी अगदी हळू, अगदी चंद्रपुरी सुरात म्हणालं, "तार बघून राहिलो, बेटा. तार बघून राहिलो."

शिरीषने वळून बघितलं. या वेळी मागे ऊन नव्हतं, नील होता. हसत नव्हता. ओठ मात्र त्या नकलेच्या आकारात तसेच राहिले होते, जणू त्यांनाच आश्चर्य वाटलंय.

"ब्लडी हेल," म्हणत ग्लेनिस खाली बसली, दोन्ही गुडघ्यांवर. तिने स्वतः तार ओढली, नीलने एकदा ओढली, मग ठिपका तिने दिला. पेन तिने स्वतःच्या खिशात टाकलं. परत दिलं नाही.

तेवढ्यात विवेक पोह्यांचा डबा घेऊन आला. "काय, एवढी मोठी कॉन्फरन्स? शिरीषराव, मातीत का लोळताय?"

"काकांना तुला काहीतरी सांगायचंय, बाबा," नील म्हणाला. "रेस झाल्यावर. आणि मी असणार तिथे."

विवेकने एकाकडून दुसऱ्याकडे बघितलं. डब्याचं उघडलेलं झाकण त्याने परत लावलं.

नऊ गाड्या सुटल्या. शिरीष आणि नील कुंपणाशी उभे राहिले, मध्ये हातभर अंतर ठेवून. पहिल्या फेरीत गाड्या तिसऱ्या वळणाकडे गेल्या, एकेक आवाज उतरत गेला. न्योंव, न्योंव, न्योंव. सावनीचा सगळ्यात शेवटी, सावकाश. शिरीषने कुंपणाची जाळी घट्ट धरली. आणि मग पलीकडून नीईईईं, नीईईईं, एकेक आवाज परत चढला, नऊच्या नऊ. शेवटचा सावनीचा, जरा बेसूर, पण चढला.

शिरीषने श्वास सोडला. गाड्या लांब गेल्या, धूळ खाली बसायला लागली.

त्यांच्या मागून, एकटी, आणखी एक गाडी सरळ रस्त्यावर आली. रस्ता रिकामा दिसत होता. नीईईईं... न्योंव...

शिरीष हललाच नाही. त्याने बाजूला बघितलं नाही, पण बाजूच्या हाताने जाळी पकडल्याचा आवाज त्याला आला.

"काका," नील म्हणाला. "दहा?"

"दहा."

"तुम्हाला पण येतो ऐकू?"

शिरीषने मान हलवली. दोघं तिसऱ्या वळणाकडे बघत दुसऱ्या आवाजाची वाट पाहत उभे राहिले.